श्वासनलिका आणि पित्तनलिका जोडल्या गेल्यास: शस्त्रक्रियेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा आजार इतका विरळ आहे की अनेक डॉक्टरांच्या वाट्याला आयुष्यभरात असा रुग्ण एकदाही येत नाही. त्यामुळे निदान कानावर पडल्यावर रुग्णाच्या नातेवाइकांना विचारायला कोणी सापडत नाही. पुढचे प्रश्न त्यांच्यासाठी आहेत. क्रमाने वाचलेच पाहिजेत असे नाही. वेळ थोडा असेल तर ‘भोक लगेच का बुजवत नाहीत?’ हा प्रश्न आधी वाचा, कारण बाकीची बरीच उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

ब्रॉन्कोबिलिअरी फिस्टुला म्हणजे नेमके काय?

यकृतात तयार होणारे पित्त पित्तनलिकांमधून आतड्यात उतरते. हवा श्वासनलिकांमधून फुप्फुसात जाते. या दोन व्यवस्थांचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. आजारामुळे, इजेमुळे किंवा जन्मतःच त्यांच्यात एखादा चोरमार्ग तयार झाला, तर त्याला ब्रॉन्कोबिलिअरी फिस्टुला म्हणतात. मग पित्त आतड्याऐवजी फुप्फुसात चढते आणि खोकल्यावाटे बाहेर पडते.

चोरमार्ग श्वासनलिकेपर्यंत न पोहोचता फुप्फुसाभोवतीच्या पोकळीतच उघडला, तर पित्त छातीत साठते. ही या आजाराची सख्खी बहीण, प्ल्युरोबिलिअरी फिस्टुला. उपचाराचा विचार दोन्हींत बराचसा सारखाच असतो.

पहिली नोंद जुनी आहे. १८५० मध्ये पीकॉक या डॉक्टरांनी यकृतात हायडॅटिड गाठ (कृमीमुळे होणारी, पाण्याने भरलेली गाठ) असलेल्या रुग्णात हा प्रकार पाहून लिहून ठेवला.

यकृत पोटात, फुप्फुस छातीत. मध्ये पडदा असताना पित्त वर जातेच कसे?

मधला पडदा म्हणजे मध्यपटल, डायफ्राम. तो स्नायूचा असला तरी फार जाड नसतो. यकृताचा वरचा घुमट उजव्या बाजूला त्याला अगदी चिकटून असतो आणि यकृताच्या मागच्या-वरच्या एका भागावर तर पोटातले पातळ आवरणही नसते. तिथे यकृत आणि मध्यपटल थेट एकमेकांना भिडलेले असतात. म्हणूनच हा फिस्टुला बहुतेक वेळा उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात होतो. डावीकडे क्वचितच.

घुमटाजवळ पू किंवा पित्त साचले की सूज येते, वरचे फुप्फुस खाली चिकटते, पडदा हळूहळू कुरतडला जातो आणि शेवटी एखादी श्वासनलिका उघडी पडते. एकदा वाट झाली की दाबाचे गणित तिला बुजू देत नाही. श्वास घेताना छातीत ओढ निर्माण होते, तर पित्तनलिकेत दाब असतो. खाली अडथळा असेल तर तो आणखी वाढतो. पित्ताला वर जाणे सोपे आणि खाली जाणे अवघड होऊन बसते.

खोकल्यातून हिरवा-पिवळा कफ पडतो, म्हणजे हाच आजार का?

जवळजवळ नक्कीच नाही. हिरवट कफ साध्या जंतुसंसर्गातही पडतो. तो रंग पांढऱ्या पेशींमधल्या एका द्रव्याचा असतो, पित्ताचा नव्हे.

पित्ताचा कफ वेगळा कळतो. तो गर्द पिवळा किंवा हिरवा, पातळ आणि जहाल कडू असतो. बरेच रुग्ण रंगाआधी चवीचीच तक्रार करतात. आडवे झाल्यावर खोकल्याची उबळ वाढते, कधी कधी दिवसाला कित्येकशे मिलिलिटर द्रव पडतो. सोबत ताप, उजव्या बरगड्यांखाली दुखणे, काही जणांना कावीळ. यकृताचा आजार, पित्तनलिकेची शस्त्रक्रिया किंवा पोटा-छातीवरची मोठी इजा आधी झालेली असेल आणि आता असा कफ पडू लागला असेल, तर थांबू नये.

उलटीतले पित्त चुकून श्वासनलिकेत गेल्यानेही कफ पिवळा दिसू शकतो. त्यामुळे कफात बिलिरुबिन (पित्तातले रंगद्रव्य) आहे की नाही हे प्रयोगशाळेत तपासतात. कफात पित्त वारंवार सापडले आणि उलटीचा इतिहास नसेल, तर निदान जवळपास तिथेच होते. अडचण वेगळीच आहे: कफाकडे पाहायचे कोणाला सुचत नाही. महिनोन् महिने न्यूमोनिया समजून प्रतिजैविके दिली जातात. रुग्णाने पारदर्शक डबीत कफ घेऊन डॉक्टरांसमोर ठेवला, तर अनेकदा बराच वेळ वाचतो.

हा कशामुळे होतो?

जगभराचा विचार केला तर जुनी आणि मोठी कारणे संसर्गाची आहेत. कुत्र्याच्या आतड्यातल्या एका फीतकृमीची अंडी पोटात गेल्यावर यकृतात पाण्याने भरलेली हायडॅटिड गाठ वाढते. मेंढ्या आणि कुत्रे जिथे एकत्र पाळले जातात तिथे ती अधिक दिसते. गाठ वर्षानुवर्षे गप्प असते. घुमटाजवळची गाठ वाढत वाढत पडद्यातून फुप्फुसात फुटते. दुसरे कारण यकृतातले गळू, अमीबामुळे झालेले किंवा जिवाणूंमुळे झालेले.

इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमिबिक गळू श्वासनलिकेत फुटले की तपकिरी-चॉकलेटी रंगाचा पू खोकल्यातून पडतो. रुग्ण घाबरतो, पण पुष्कळदा गळू अशा रीतीने रिकामे होते आणि मेट्रोनिडॅझोल हे अमीबा मारणारे औषध, गरज पडल्यास सुईने किंवा नळीने निचरा, एवढ्यावर माणूस बरा होतो. त्या पुवात पित्त मिसळलेले दिसू लागले तरच पित्तनलिकेशी जोड असल्याचा विचार करावा लागतो.

अलीकडच्या काळात उपचारांमधून उद्भवणारी कारणे वाढली आहेत. यकृताचा भाग काढल्यानंतर, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत नलिकेला इजा होऊन ती अरुंद झाल्यानंतर, किंवा यकृतातली गाठ उष्णतेने जाळल्यावर वा तिचा रक्तपुरवठा बंद केल्यावर तिथे पित्ताचे वा पुवाचे तळे साचते आणि ते वर फुटते. याशिवाय पित्तनलिकेतले खडे, अपघातात किंवा गोळी-चाकूने यकृत आणि पडदा एकदम फाटणे, यकृताचा कर्करोग, क्वचित स्वादुपिंडाचा जुनाट दाह. जन्मजात प्रकार वेगळाच आहे, त्यावर पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

पित्त फुप्फुसात गेल्याने एवढे काय बिघडते?

पित्तातील क्षार चरबी विरघळवण्यासाठीच असतात. श्वासनलिकेच्या नाजूक अस्तरावर ते पडले की पेशी मरतात, वायुकोश उघडे ठेवणारे द्रव्य निकामी होते आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. त्यात साचलेले पित्त बहुधा जंतूंनी भरलेले असते. हे वारंवार होत राहिले तर श्वासनलिका कायमच्या फुगीर होतात आणि फुप्फुसाचा तो भाग निकामी होतो.

दुसरे नुकसान पोषणाचे. यकृत दिवसाला साधारण ६०० ते १००० मिलिलिटर पित्त बनवते. त्यातले बरेचसे बाहेर गेले की सोडियम आणि बायकार्बोनेट घटते, चरबी पचत नाही, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत. ‘के’ कमी पडले की रक्त गोठत नाही, आणि शस्त्रक्रियेच्या दृष्टीने ही फार अडचणीची गोष्ट आहे.

निदानासाठी कोणत्या तपासण्या होतात?

सर्व तपासण्या प्रत्येकाला लागत नाहीत. सीटी स्कॅन मात्र लागतोच. यकृतात पोकळी कुठे आहे, पडद्याखाली पू आहे का, फुप्फुसाचा किती भाग खराब झाला आहे, हे त्यात कळते. चोरमार्ग स्वतः मात्र पुष्कळदा दिसत नाही, आणि ‘सीटीत फिस्टुला नाही’ असा अहवाल आला म्हणून शंका सोडून देता येत नाही.

एमआरसीपी या एमआरआयच्या प्रकारात पित्तनलिकांचा नकाशा मिळतो. हिडा स्कॅनमध्ये यकृत उचलून घेईल असे किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देतात आणि ते पित्ताबरोबर कुठे जाते ते पाहतात. ते छातीत चढताना दिसले की प्रश्नच मिटला. ही तपासणी रुग्णाला त्रास न देणारी आहे आणि उपचारानंतर मार्ग बंद झाला का, हे पाहायलाही उपयोगी पडते. ईआरसीपीत दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेत रंगद्रव्य सोडतात. इथे निदान आणि उपचार एकाच बैठकीत होऊ शकतात, हा तिचा मोठा फायदा. ब्रॉन्कोस्कोपीत, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, कोणत्या श्वासनलिकेतून पित्त येते ते डोळ्यांनी दिसते.

भोक लगेच का बुजवत नाहीत?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो रास्तही आहे. फुप्फुसात भोक आहे, ते शिवून टाका, असे कोणालाही वाटेल.

पण मोरी तुंबलेली असताना घरात शिरलेले पाणी कितीही उपसले तरी ते पुन्हा येतेच. इथेही पित्ताला खाली आतड्यात जायला मोकळी वाट नसेल, तर वर घातलेले टाके त्या दाबापुढे टिकत नाहीत. छातीतले भोक हा बहुतेकदा परिणाम असतो. मूळ दुखणे खाली असते: नलिकेतला खडा, आकुंचन, हायडॅटिड गाठीतले पापुद्रे अडकणे, किंवा पडद्याखाली साचलेला पू. म्हणून आधी खालची वाट मोकळी करणे, साचलेले काढणे आणि जंतुसंसर्ग आटोक्यात आणणे हा क्रम पाळला जातो. दाब उतरला की काही फिस्टुला शस्त्रक्रियेविना आपोआप मिटतात.

दुसरे कारण रुग्णाच्या अवस्थेचे. निदान होईपर्यंत तो बहुधा खंगलेला, तापलेला आणि धाप लागलेला असतो. अशा शरीरावर छातीची मोठी शस्त्रक्रिया लादणे धोक्याचे असते. निचऱ्याने मिळालेले काही आठवडे पुढच्या शस्त्रक्रियेचा धोका कमी करतात. नातेवाइकांना हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो, तसा तो नसतो.

शस्त्रक्रियेशिवायचे उपाय कोणते?

ईआरसीपी करून पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू थोडा कापतात, खडे काढतात, स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी छोटी नळी) बसवतात किंवा नाकावाटे बाहेर येणारी बारीक नळी पित्तनलिकेत ठेवतात. ते जमले नाही तर त्वचेतून यकृतात सुई घालून पित्ताचा निचरा करतात. त्याला पीटीबीडी म्हणतात. पडद्याखालचे गळू सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने नळी घालून रिकामे करतात.

त्यानेही पित्त थांबले नाही तर चोरमार्गात कॉइल (धातूच्या तारेची बारीक गुंडाळी) किंवा गोंदासारखे द्रव्य भरणे, ब्रॉन्कोस्कोपीतून श्वासनलिकेत झडप किंवा बूच बसवणे असे उपाय आहेत. पाचक स्राव कमी करणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शनही काही ठिकाणी वापरले जाते. या साऱ्यांचे अनुभव मोजक्या रुग्णांपुरते आहेत. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशांसाठी ते मोलाचे आहेत, पण खालचा अडथळा तसाच ठेवून वरून बूच मारणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

मग शस्त्रक्रिया कधी करावीच लागते?

निचरा नीट करूनही पित्त येत राहिले, अडथळा दुर्बिणीने दूर होण्यासारखा नसला, फुप्फुसाचा भाग कायमचा खराब झाला असला, छातीत घट्ट पू साचला असला, मोठी हायडॅटिड गाठ असली, किंवा अपघातात पडदा फाटला असला, तर. जन्मजात प्रकारात शस्त्रक्रिया हाच उपाय आहे.

किती दिवस वाट पाहावी याचा एकच आकडा नाही. कफातल्या पित्ताचे प्रमाण रोज मोजून लिहिले तर ते कमी होत आहे की नाही हे दिसते, आणि निर्णय त्यावर घेता येतो.

शस्त्रक्रियेपर्यंत रुग्णाला कसे झोपवावे, काय काळजी घ्यावी?

पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवावी. कुशीवर झोपायचे झाल्यास आजारी बाजू खाली, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत उजव्या कुशीवर. त्यामुळे पित्त चांगल्या फुप्फुसात ओघळत नाही. खोकला दाबणारी औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. खोकला त्रासदायक असला तरी आत आलेले पित्त त्यानेच बाहेर पडते.

रुग्णालयात जीवनसत्त्व ‘के’ची इंजेक्शने, क्षारांची भरपाई, प्रतिजैविके, छातीचा व्यायाम आणि पोषण यांवर भर असतो. पित्त नळीने बाहेर पडत असेल तर तेच पित्त दुसऱ्या नळीने आतड्यात परत सोडण्याची पद्धतही आहे. ऐकायला विचित्र वाटते, पण पचन आणि क्षार या दोन्हींसाठी ती उपयोगी असते. धूम्रपान त्याच दिवशी बंद.

भूल देण्यात विशेष धोका आहे का?

हो, आणि त्यामुळे भूलतज्ज्ञांशी आधी भेट व्हावी असा आग्रह धरा. रुग्ण आडवा होऊन बेशुद्ध झाला की खोकला थांबतो आणि पित्त चांगल्या फुप्फुसात पसरू शकते. हे टाळण्यासाठी दुहेरी मार्गाची श्वासनळी घालतात. तिच्यामुळे दोन्ही फुप्फुसे एकमेकांपासून वेगळी राहतात आणि शल्यचिकित्सक उजव्या फुप्फुसावर काम करत असताना श्वास फक्त डाव्यावर चालतो. नळी जागेवर बसली आहे का, हे बारीक ब्रॉन्कोस्कोपने पाहतात. यंत्राने दिलेल्या श्वासाच्या दाबामुळे हवा उलट पित्तनलिकेत शिरू शकते, म्हणून दोन्ही बाजू लवकर वेगळ्या करण्याला महत्त्व आहे.

छाती उघडतात की पोट?

मूळ दुखणे कुठे आहे त्यावर ते ठरते. बहुतेकदा उजव्या बाजूने, सहाव्या ते आठव्या बरगडीच्या आसपासच्या फटीतून छाती उघडतात. इथून फुप्फुस, पडदा आणि पडद्यातून यकृताचा घुमट अशा तिन्ही जागा हाताशी येतात. खालचा अडथळा ईआरसीपीने आधीच दूर झाला असेल तर एवढे पुरते.

पित्तनलिका पोटातून दुरुस्त करायची असेल, म्हणजे आकुंचन पावलेली नलिका आतड्याला जोडायची असेल किंवा यकृताचा भाग काढायचा असेल, तर पोट उघडावे लागते. एकाच लांब छेदातून छाती-पोट दोन्ही उघडण्याची पद्धत जुनी आहे. त्यात जागा भरपूर मिळते, पण बरगड्यांखालची कूर्चा कापली गेल्याने दुखणे जास्त आणि पोटातला जंतुसंसर्ग छातीत पसरण्याची भीतीही असते. त्यामुळे शक्य असेल तिथे दोन वेगळे छेद किंवा दोन टप्पे पसंत केले जातात.

आत नेमके काय करतात?

प्रथम चिकटलेले फुप्फुस पडद्यापासून सोडवतात. शस्त्रक्रियेतला हाच सर्वांत किचकट भाग. महिनोन् महिन्यांच्या सुजेने सगळे एकजीव झालेले असते आणि घाई केली तर चांगले फुप्फुस फाटते. फुप्फुसावर पुवाची जाड साल बसली असेल तर ती सोलून काढतात, म्हणजे फुप्फुस पुन्हा फुलू शकेल.

मग चोरमार्ग सापडतो. तो दोन्हीकडून मोकळा करून कापतात. फुप्फुसाच्या बाजूला उघडी श्वासनलिका टाक्यांनी बंद करतात. भोवतालचा थोडाच भाग खराब असेल तर तेवढाच पाचरीसारखा काढतात, पूर्ण खालचा खंड कामातून गेला असेल तर तो खंड काढतात. फुप्फुस जितके वाचेल तितके वाचवायचे, हा इथला नियम.

यकृताच्या बाजूला पोकळी रिकामी करून धुतात, आत दिसणारी पित्तनलिकांची तोंडे एकेक करून टाक्यांनी बंद करतात आणि निचऱ्याची नळी ठेवतात. पोट उघडलेले असेल तर पोकळीत ओमेंटम, म्हणजे पोटातला चरबीचा पडदा, भरता येतो. त्याला रक्तपुरवठा उत्तम असतो आणि तो जंतुसंसर्गाशी चांगला झुंजतो.

त्यानंतर मध्यपटल. सडलेल्या कडा कापून न विरघळणाऱ्या धाग्याने ते शिवतात. आणि आता ती पायरी, जिच्याकडे दुर्लक्ष केले तर पुढे पश्चात्ताप होतो: शिवलेला पडदा आणि शिवलेले फुप्फुस यांच्यामध्ये जिवंत मांसाचा थर ठेवणे. बरगड्यांमधल्या स्नायूची पट्टी, पाठीचा स्नायू, हृदयावरणाचा तुकडा किंवा ओमेंटम, यांपैकी जे जवळ आणि निरोगी असेल ते. दोन शिवणी एकमेकींना टेकून राहिल्या तर चोरमार्ग त्याच जागी पुन्हा होऊ शकतो. कृत्रिम जाळी मात्र शक्यतो टाळतात, कारण जंतू असलेल्या जागेत ती स्वतःच संसर्गाचे घर बनते.

शेवटी पित्त खाली मोकळे वाहते आहे ना, याची खात्री करतात. आधीचा स्टेंट, मुख्य पित्तनलिकेत ठेवलेली टी-ट्यूब (इंग्रजी T आकाराची निचऱ्याची नळी), किंवा नलिका आतड्याला जोडणे, यांपैकी काहीतरी त्यासाठी असतेच. शल्यचिकित्सकांना एकच प्रश्न विचारता येणार असेल, तर हा विचारा: शस्त्रक्रियेनंतर पित्त कोणत्या वाटेने खाली जाणार आहे?

फुप्फुसाचा भाग काढला तर आयुष्यभर धाप लागेल का?

बहुधा नाही. जो भाग काढला जातो तो आधीच श्वासाच्या उपयोगाचा राहिलेला नसतो. उलट पित्ताने भिजणारा भाग गेल्यावर खोकला आणि ताप थांबून अनेकांना बरे वाटते. फुप्फुसाचा आधीपासून वेगळा आजार असेल तर मात्र क्षमतेची चाचणी करूनच निर्णय होतो.

हायडॅटिड गाठ असेल तर वेगळे काय?

दोन गोष्टी. गाठीतले पाणी सांडले तर तीव्र अ‍ॅलर्जी होऊन रक्तदाब कोसळू शकतो आणि सांडलेल्या भागात नव्या गाठी रुजू शकतात. म्हणून भोवतालचा भाग औषधात भिजवलेल्या कापडांनी झाकून मगच गाठ उघडतात. अल्बेंडॅझोल हे कृमिनाशक औषध शस्त्रक्रियेआधी सुरू करून नंतरही एक ते काही महिने देतात. स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर ते अधिक शोषले जाते. या काळात यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या चुकवू नयेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कृमी मारणारी द्रव्ये, तीव्र मिठाचे पाणी असो की अल्कोहोल, पित्तनलिकेशी जोड असलेल्या गाठीत सोडायची नसतात. ती नलिकांत शिरली तर नलिका कायमच्या आकसतात. याच कारणाने अशा गाठींवर सुईने पाणी काढून औषध भरण्याचा उपचारही करत नाहीत.

हे ऑपरेशन दुर्बिणीने होते का?

निवडक रुग्णांत होते, विशेषतः मार्ग लहान आणि चिकटलेपणा कमी असेल तेव्हा. जुन्या, घट्ट चिकटलेल्या आजारात मोठा छेदच सुरक्षित. छेदाच्या लांबीवरून शल्यचिकित्सक निवडू नका.

नवजात बाळातही हे असते म्हणतात, ते कसे?

जन्मजात प्रकार अत्यंत विरळ आहे. १९५२ मध्ये न्यूहाउजर, एल्किन आणि लँडिंग यांनी त्याचे वर्णन केले. यात पडदा कुरतडला जात नाही. श्वासनलिका जिथे दुभंगते त्या ठिकाणाजवळून, बहुधा उजव्या मुख्य शाखेच्या सुरुवातीपासून, एक जादाची नळी निघते, अन्ननलिकेच्या वाटेने मध्यपटल ओलांडते आणि बहुतेकदा यकृताच्या डाव्या पित्तनलिकेला मिळते. नळीचा वरचा भाग श्वासनलिकेसारखा असतो, त्यात कूर्चाही असते. खालचा भाग पित्तनलिकेसारखा.

बाळाला पहिल्या दिवसांपासून किंवा काही महिन्यांत पिवळा-हिरवा फेस येतो, वारंवार न्यूमोनिया होतो, श्वास घेताना धाप लागते. दूध छातीत जाते असे समजून उपचार होत राहतात. क्ष-किरण चित्रात यकृतातल्या नलिकांत हवा दिसली तर तो मोठा संकेत असतो. ब्रॉन्कोस्कोपीत जादाचे तोंड आणि त्यातून येणारे पित्त दिसते.

उपचार म्हणजे उजव्या बाजूने छातीत जाऊन ती नळी बांधून काढणे. पण त्याआधी एक प्रश्न सोडवावाच लागतो. यातल्या काही बाळांत पित्ताची नेहमीची वाटच अपुरी किंवा बंद असते आणि पित्त फक्त या जादा नळीनेच बाहेर पडत असते. अशा वेळी नळी नुसती बांधली तर यकृतात पित्त तुंबते. म्हणून आधी पित्तनलिकांचा नकाशा घेतात आणि गरज असल्यास नलिका आतड्याला जोडतात किंवा यकृताचा डावा भाग काढतात. अन्ननलिकेचे दोष आणि मध्यपटलाचा हर्निया सोबत असू शकतो, तेही तपासतात. वेळेत निदान झालेल्या बाळांचे भवितव्य चांगले असते.

कारण कर्करोगाचे असेल तर?

मोठी शस्त्रक्रिया क्वचितच उपयोगाची ठरते. पित्ताचा निचरा करून कडू खोकला थांबवणे, रुग्णाला झोप लागू देणे, हे उद्दिष्ट असते. स्टेंट किंवा त्वचेतून टाकलेली नळी यासाठी पुष्कळदा पुरते. गाठ पूर्ण काढता येण्यासारखी असेल तरच गोष्ट वेगळी.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस कसे असतात?

पहिले काही दिवस अतिदक्षता विभागात. छातीत एक-दोन नळ्या, पोटात एखादी. त्यांतून हवा येणे थांबले, द्रव कमी झाला आणि त्यात पित्त नाही अशी खात्री झाली की त्या टप्प्याटप्प्याने काढतात. टी-ट्यूब असेल तर ती काढण्याआधी रंगद्रव्य सोडून फोटो घेतात.

बरगड्यांमधला छेद दुखतो, यात लपवण्यासारखे काही नाही. पाठीतल्या बारीक नळीतून दिलेले वेदनाशामक यासाठी उत्तम. वेदना सहन करत पडून राहणारा रुग्ण खोल श्वास घेत नाही आणि फुप्फुस खाली बसते. तेव्हा औषध मागून घ्या, नळीतून श्वास ओढून यंत्रातले गोळे उचलण्याचा व्यायाम करा आणि उशी छातीशी धरून खोकत जा. डॉक्टर परवानगी देतील त्या दिवसापासून चालायला लागा.

धोके कोणते? पुन्हा होऊ शकतो का?

रक्तस्राव, जखमेत किंवा छातीत पू, श्वासनलिकेच्या टाक्यांतून हवेची गळती, यकृतातून पित्ताची गळती, न्यूमोनिया आणि फिस्टुला परत होणे. टक्केवारी सांगणे अवघड आहे, कारण उपलब्ध वैद्यकीय लेखन बहुतांशी एकेका रुग्णाचे किंवा छोट्या गटांचे आहे. कोणी अगदी नेमका आकडा सांगितला तर तो कोणत्या रुग्णांवरून आला, हे विचारायला हरकत नाही.

परत होण्यामागे बहुधा दोनच कारणे सापडतात: खालचा अडथळा राहून गेलेला असतो, किंवा पडद्याखाली पुवाचा खिसा उरलेला असतो. कडू कफ, ताप किंवा कावीळ परत दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कोणत्या डॉक्टरांकडे जावे?

एकट्या डॉक्टरांचे हे काम नाही. छातीचे शल्यचिकित्सक, यकृत-पित्तमार्गाचे शल्यचिकित्सक, ईआरसीपी करणारे पोटविकारतज्ज्ञ, नळ्या टाकणारे रेडिओलॉजिस्ट आणि छातीच्या शस्त्रक्रियांचा सराव असलेले भूलतज्ज्ञ एकाच छताखाली असतील असे मोठे रुग्णालय गाठावे. प्रवास करावा लागला तरी चालेल, पण रुग्ण अत्यवस्थ असेल तर जवळच्या ठिकाणी आधी निचरा करून घ्यावा.

बरे वाटू लागल्यावर स्टेंटचे काय करायचे?

काढायचा. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत गाळाने बुजू लागतो. काम झाले असेल तर तो काढतात, अजून गरज असेल तर बदलतात. बरे वाटते म्हणून ही भेट चुकवली जाते आणि बुजलेला स्टेंट स्वतःच अडथळा बनून ताप, कावीळ आणि पुन्हा वाढलेला दाब घेऊन येतो. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर स्टेंट कधी बसवला आणि कधी काढायचा, या दोन्ही तारखा लिहिलेल्या आहेत ना, ते पाहा. नसतील तर लिहून मागा.